माथेरानला जायचे तर चालण्याच्या तयारीने जावे

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली माथेरान ‘शोधले’ असे सांगतात. पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांना हा डोंगर त्याआधीच ठाऊक होता, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. साहेबांच्या काळातली पायवाटांची रचना इथे अजून टिकून आहे, कारण बाहेरच्या मोटारींना गावात प्रवेश नाही. म्हणून इथल्या मुक्कामाचा बेत आपल्या पायांच्या हिशेबाने आखावा.

मुंबईहून कर्जत किंवा खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरावे. तिथून मिनी ट्रेनने वर जाता येते. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फूट अंतराच्या रुळांवरची रेल्वे पीरभॉय कुटुंबाने बांधली. तिच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. गाडी चुकली तर शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. तिथे प्रवेशकर भरून पुढचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून सुटणाऱ्या शटल गाडीने जाता येते. घोडेवाला वा हमाल ठरवताना भाडे आणि कुठपर्यंत जायचे, हे दोन्ही निघण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे. चाके असलेली बॅग जांभ्याच्या खडबडीत वाटेवर ओढत नेण्यापेक्षा पाठीवरची पिशवीच सोयीची पडते.

पॉइंट निवडताना सगळे एकाच दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. पॅनोरमा पॉइंट उत्तर टोकाला, बाजारापासून बराच लांब आहे आणि सूर्योदयासाठीच तिथे जाण्यात अर्थ आहे, म्हणून अंधार असतानाच टॉर्च घेऊन निघावे. शार्लोट तलाव, एको आणि लुईझा हे पश्चिमेकडचे पॉइंट एकाच फेरीत होतात. लुईझावरून समोर प्रबळगडाचा कातळ दिसतो. सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट गाठावा, पण परतीच्या वाटेवर झाडीमुळे काळोख लवकर दाटतो हे ध्यानात असू द्यावे.

पावसाळ्यात इथली हिरवाई अप्रतिम असते, मात्र धुके उतरले की कड्यावरून हाताच्या अंतरापलीकडचे काही दिसत नाही. त्या दिवसांत पॉइंटांचा आग्रह सोडून जांभूळ-हिरड्याच्या झाडीतून नुसते भटकणेच बरे. तळव्याची पकड चांगली असलेले बूट घालावेत आणि पांढरे कपडे घरीच ठेवावेत. तांबडी माती मोज्यांतून धुऊनही जात नाही. माकडांसमोर खाऊची पिशवी हातात मिरवू नये, ती पाठपिशवीत चेन लावून ठेवावी. बाजारात हुतात्मा भाई कोटवालांविषयी अवश्य विचारावे, ते याच गावचे. चिक्की आणि चामड्याच्या चपला यांची खरेदी शेवटच्या दिवशी करावी, म्हणजे ते ओझे दोन दिवस वागवावे लागत नाही.