कळसूबाईवरून सह्याद्रीची शिखरं कशी ओळखायची

कळसूबाई (१६४६ मीटर) महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर असलं, तरी ते सह्याद्रीच्या मुख्य धारेवर नाही. मुख्य धार दक्षिणोत्तर जाते. कुलंग गडापाशी तिच्यातून फुटून पूर्वेकडे गेलेल्या रांगेवर हे शिखर आहे. त्यामुळे त्याच्या उत्तर उताराचं पाणी दारणेला आणि दक्षिणेचं प्रवरेला मिळतं, म्हणजे शेवटी दोन्हीकडचं गोदावरीतच जातं. हे पक्कं ध्यानात असलं की वरून दिसणारा पसारा उलगडायला लागतो.

ऑक्टोबर ते जानेवारी हे दिवस निवडा. पावसाळ्यात माथा ढगात असतो आणि मार्चनंतर धुरकटपणा वाढतो. घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारी गावातून पहाटे चारच्या सुमारास निघा. साडेआठशे मीटरच्या आसपास चढ आहे, त्याला सुमारे तीन तास लागतात. सूर्य पूर्वेला असताना पश्चिमेचे कडे उजळतात, त्यांच्या घळी आणि खिंडी स्पष्ट दिसतात. दुपारनंतर त्याच कड्यांची नुसती काळी पट्टी होते.

माथ्यावर होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ धरू नका, सुई सरकते. खडकावर टेकवूनही ठेवू नका, कारण बेसाल्टमध्ये लोहखनिज असतं. चार-पाच मीटर दूर उभं राहून, छातीच्या उंचीवर धरून दिशा घ्या. फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर आधी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्या.

सुरुवात दक्षिणेपासून करा. खाली भंडारद-याचा जलाशय दिसतो. त्याच्या पलीकडे, जवळजवळ नेमका दक्षिणेला, रतनगड. गडाला लागून उभा असलेला खुट्याचा सुळका ही त्याची हमखास खूण. आता हात सरळ ताणून मूठ धरा, एका मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. रतनगडापासून डावीकडे दीड-दोन मुठी गेलात की मागे लांबवर हरिश्चंद्रगडाचा प्रचंड माथा येतो.

पश्चिम-नैर्ऋत्येला अलंग, मदन, कुलंग. सर्वाधिक गल्लत होते ती इथेच. तिघेही कळसूबाईवरून जवळजवळ एका रेषेत येतात आणि एकमेकांना झाकतात, त्यामुळे दोनच गड दिसल्यासारखे वाटतात. सपाट माथ्यांवरून गड ओळखायला जाऊ नका, कारण लाव्हाचे थर आडवे साचल्यामुळे इथले बहुतेक डोंगर वरून सपाटच आहेत. कड्यांमधल्या खिंडी शोधा. सर्वांत जवळचा रुंद अलंग, मधला आटोपशीर माथ्याचा मदन, शेवटचा कुलंग.

ईशान्येला पट्टागड. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर सप्तशृंगी आणि धोडपची सातमाळा रांग क्षितिजावर दिसते. राज्यातलं दुस-या क्रमांकाचं शिखर साल्हेर (१५६७ मीटर) तिच्याही पलीकडे, सव्वाशे किलोमीटरवर आहे. ते शोधण्यात सकाळचा उजेड घालवू नये.

प्रत्येक दिशा लगेच कागदावर टिपा आणि नकाशाशी ताडून पाहा. माणशी तीन लिटर पाणी ठेवा. वाटेतल्या लोखंडी शिड्या उतरताना शिडीकडे तोंड करून, दोन्ही हात मोकळे ठेवून उतरा. दवाने ओल्या झालेल्या लोखंडावरून पाय सटकतो, म्हणून होकायंत्र आणि कॅमेरा आधीच पिशवीत टाका.