ॲप्ट अडकलं? आधी या चुका टाळा

उबंटू किंवा डेबियन सर्व्हरवर ॲप्टने (पॅकेजेस बसवणारा-काढणारा प्रोग्राम) पॅकेज इन्स्टॉल होईना, की बहुतेक जण एररची शेवटची ओळ कॉपी करतात, सर्च मारतात आणि सापडेल ती पहिली कमांड सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) चालवतात. मूळ दुखणं पाच मिनिटांचं असतं, या उपायांनी ते रात्रभराचं होतं. ॲप्ट तसं बोलकं आहे. काय बिनसलंय ते सांगतं, फक्त शेवटच्या ओळीत सांगत नाही. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.)

लॉक फाइल उडवणं

नवा क्लाउड सर्व्हर उभा केला, लगेच ॲप्ट चालवलं आणि 'कुड नॉट गेट लॉक' आलं. यात बिघाड काहीच नाही, दुसरी एक प्रोसेस आधीच पॅकेजेसवर काम करतेय. उबंटूत 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' (आपोआप अपडेट बसवणारी सोय) आधीपासून चालू असतं. सिस्टमडीचे (सर्व्हिसेस सांभाळणारी यंत्रणा) ॲप्ट-डेली आणि ॲप्ट-डेली-अपग्रेड हे दोन टायमर मशीन सुरू झाल्यावर चुकलेली पाळी भरून काढतात. इमेज जुनी असेल तर साठलेले अपडेट बरेच असतात, मग वेळ लागतो.

इथे हमखास दिला जाणारा सल्ला म्हणजे '/व्हार/लिब/डीपीकेजी/' मधल्या लॉक फाइली आरएम (डिलीट) करा. हे म्हणजे आत माणूस असताना दारावरची पाटी तेवढी काढून टाकणं. लॉक त्या फाइलच्या असण्यानसण्यावर नसतंच, फाइल कायम तिथेच पडलेली असते. लॉक चालू प्रोसेसच्या नावावर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) सांभाळतो आणि प्रोसेस मेली की स्वतःच सोडतो. तुम्ही फाइल उडवली की दुसरं ॲप्ट नवी फाइल बनवून तिच्यावर लॉक घेतं आणि दोघं एकाच वेळी डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेजेस प्रत्यक्ष बसवणारं टूल) 'स्टेटस' फाइलमध्ये, म्हणजे बसलेल्या पॅकेजेसच्या नोंदवहीत, लिहायला लागतात. खरी नासधूस तिथून सुरू होते.

हल्लीचं ॲप्ट लॉक धरून बसलेल्या प्रोसेसचा नंबर आणि नाव दोन्ही छापतं. ते वाचा, पीएसने तपासा आणि थांबा. स्क्रिप्टमध्ये असेल तर उबंटू 20.04 पासून 'डीपीकेजी::लॉक::टाइमआउट' हा पर्याय आहे. त्याला 300 द्या, ॲप्ट 5 मिनिटं वाट बघेल.

प्रोसेस हलतच नसेल, तर बऱ्याचदा ती तुमच्याच तुटलेल्या एसएसएच (रिमोट लॉगिन) सेशनमध्ये 'कॉन्फिग फाइल बदलू की जुनी ठेवू' या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत असते. म्हणून मोठं अपग्रेड नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये करावं, कनेक्शन तुटलं तरी त्यांतलं सेशन चालू राहतं. उबंटूचं 'डू-रिलीज-अपग्रेड' एसएसएचवरून चालवलं तर 1022 पोर्टवर जादा एसएसएच सर्व्हर उघडायला बघतं, ते उगाच नाही.

शेवटच्या ओळीवरून निदान

'सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड (1)' ही ओळ निरुपयोगी आहे. तिचा अर्थ एवढाच, की डीपीकेजी नाराज आहे. का, ते वर पाहायचं.

एक नेहमीचा प्रकार बघा. तुम्ही इन्स्टॉल करताय एचटॉप (प्रोसेस बघायचं टूल) आणि आउटपुटमध्ये येतंय 'एरर प्रोसेसिंग पॅकेज एन्जिनएक्स' (हा वेब सर्व्हर). एचटॉप व्यवस्थित बसलेलं असतं. पण कधीतरी अर्धवट राहिलेलं एन्जिनएक्स ॲप्ट दर वेळी पुन्हा कॉन्फिगर करायला जातं आणि दर वेळी आपटतं. 'डीपीकेजी --ऑडिट' चालवलं की अशी अर्धवट पॅकेजेस दिसतात.

आता एन्जिनएक्स का आपटतं? 'एन्जिनएक्स -टी' चालवा, ते कॉन्फिग तपासतं. 'ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड बाय प्रोटोकॉल' आलं, तर कोणीतरी बूट पॅरामीटर देऊन त्या मशीनवर आयपीव्ही6 पूर्ण बंद केलंय. एन्जिनएक्सच्या डिफॉल्ट साइटमध्ये मात्र आयपीव्ही6 वर ऐकण्याची एक 'लिसन' ओळ असते. सर्व्हिस उठत नाही, म्हणून पॅकेजची पोस्टइन्स्ट (इन्स्टॉलनंतर चालणारी) स्क्रिप्ट फेल, म्हणून डीपीकेजी फेल, म्हणून ॲप्ट फेल. ती एक ओळ कमेंट करा आणि 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. झालं.

पॅकेज मॅनेजर बिचारा निर्दोष होता! पर्ज करून (कॉन्फिगसकट काढून) पुन्हा इन्स्टॉल केलं असतं, तर तीच डिफॉल्ट फाइल परत आली असती आणि तोच एरर. पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट रिकामी करणं किंवा 'स्टेटस' फाइल हाताने एडिट करणं हे सल्लेही फिरत असतात. त्यांनी एरर गप्प होतो, सर्व्हिस तशीच पडलेली राहते.

डिस्कचा अर्धा हिशोब

'नो स्पेस लेफ्ट' येतंय आणि 'डीएफ -एच' मध्ये जागा दिसतेय? मग 'डीएफ -आय' बघा. कर्नल हेडरच्या पॅकेजमध्ये हजारो बारक्या फाइली असतात. जुनी हेडर साठली की छोट्या डिस्कवर जागेच्या आधी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपतात. दुसरी शक्यता म्हणजे वेगळं, लहान '/बूट' पार्टिशन, जिथे कर्नल ठेवलेले असतात. तिथे 'ॲप्ट क्लीन'चा उपयोग नाही, ते '/व्हार'मधली डाउनलोड केलेली पॅकेजेस साफ करतं. '/बूट' मोकळं करायला 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' हवं. हाताने कर्नल काढायची वेळ आलीच, तर आधी 'युनेम -आर' बघा आणि चालू कर्नलला हात लावू नका.

सही तपासणंच बंद करणं

'नो पबकी' (सही तपासायला लागणारी की सापडली नाही) आलं की सोर्सच्या, म्हणजे पॅकेजेस कुठून घ्यायची त्या, ओळीत 'ट्रस्टेड=यस' टाकणारे आहेत. प्रॉडक्शन सर्व्हरवर हे करू नये, यापुढे काय बोलणार. 'ॲप्ट-की ॲड' चालणाऱ्या जुन्या सूचनाही सोडा. त्या वाटेने आलेली की सगळ्याच रिपॉझिटरीजसाठी विश्वासू ठरते. की '/ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज'मध्ये ठेवा आणि त्या एका सोर्सला 'साइन्ड-बाय'ने जोडा. एरर 'नॉट व्हॅलिड येट' असा असेल, तर की ठीक आहे, सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. 'टाइमडेटसीटीएल' बघा.

404 आल्यावर दुसऱ्या रिलीजचे सोर्स घालणं

आधी 'ॲप्ट अपडेट' करा, निम्म्या वेळा यादीच शिळी असते. तरीही 404 असेल तर रिलीजची मुदत तपासा. उबंटूच्या मधल्या (दीर्घ मुदतीच्या नसलेल्या) रिलीजना 9 महिनेच आधार मिळतो. 23.10 ची मुदत जुलै 2024 मध्ये संपली. अशा रिलीजची पॅकेजेस 'ओल्ड-रिलीजेस' सर्व्हरवर हलवली जातात. तात्पुरतं तिकडून घ्या आणि अपग्रेडचा दिवस ठरवा. 22.04 वर 24.04 च्या ओळी घालून 'एकच पॅकेज' ओढायला गेलात, तर त्याच्यामागून लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) येते आणि लिबसीमागून निम्मी सिस्टम. डेबियनच्या विकीवर अशा भेसळीला 'फ्रँकनडेबियन' म्हणतात.

'-वाय'ची सवय

2021 मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियनने पॉप ओएसवर (उबंटूवर आधारलेली लिनक्स) स्टीम हे गेमिंग ॲप इन्स्टॉल करताना ॲप्टचा इशारा ओलांडून 'येस, डू ॲज आय से!' टाइप केलं आणि डेस्कटॉपच उडाला. त्याने निदान इशारा पाहिला तरी होता. '-वाय' (सगळ्या प्रश्नांना आधीच 'हो') लावलं की 'विल बी रिमूव्ड'ची यादी डोळ्यांसमोरून सरकून जाते, आणि पीएचपी किंवा मायएसक्यूएल हे ॲप्टच्या लेखी अत्यावश्यक पॅकेज नव्हे, त्यामुळे तिथे जादा विचारणाही होत नाही. शंका असेल तेव्हा '-एस' लावून रंगीत तालीम करा. आणि काही निघून गेलंच असेल, तर '/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग' उघडा. कोणत्या वेळी, कोणत्या कमांडने, कोणत्या व्हर्जनची पॅकेजेस काढली, हे तिथे 'रिमूव्ह' ओळीत सगळं लिहिलेलं असतं. पोस्टइन्स्टची बडबड हवी असेल तर शेजारच्या 'टर्म.लॉग'मध्ये.