जबडा तपासताना: नव्या इंटर्नसाठी

‘दाढ दुखते’ म्हणत आलेल्या प्रत्येकाची दाढच दुखत असते असं नाही. मॅसेटर या गालातल्या चावण्याच्या स्नायूची कळ दाढांत उतरते, टेम्पोरॅलिस या कानशिलावरच्या स्नायूची वरच्या दातांत. थंड लावून, ठोकून, एक्स-रे काढून काहीच सापडत नसेल, तर रूट कॅनलला हात घालण्याआधी गालावर बोटं ठेवा.

पण आधी बोटांना वजन शिकवा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि दोन बोटांनी 1 किलो दाखवेपर्यंत दाबा, मग एका बोटाने अर्धा किलो. 2014च्या डीसी-टीएमडी, म्हणजे जबड्याच्या सांध्याच्या आणि स्नायूंच्या विकारांच्या निदान-निकषांप्रमाणे दोन्ही स्नायूंना 1 किलो, कानापुढच्या सांध्याच्या टोकाला जबडा स्थिर असताना अर्धा किलो, जागेगणिक 2 सेकंद. कळ पसरते का हे पाहायचं तर स्नायूवर 5 सेकंद. सांध्यावर जोर जास्त झाला की धडधाकट माणूसही ‘आई गं’ करतो, आणि आपण त्याला रुग्ण ठरवतो.

दाबल्यावर नुसतं ‘दुखता?’ विचारून भागत नाही. गोव्यात बांबोळीच्या ओपीडीत बहुतेकांशी कोंकणीतच बोलावं लागतं, तेव्हा विचारा, ‘हीच ती दूख?’ गेल्या 30 दिवसांत, कडक उंडो (गोव्याचा पाव) चावताना उठणारी नेहमीची कळ तीच असेल, तरच ती नोंद निदानाच्या कामाची.

मग पट्टी. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजा आणि वरचे दात खालच्यांवर जितके चढतात तेवढं त्यात मिळवा. हे मिळवायलाच सगळे विसरतात. 34 अधिक 3, म्हणजे 37 मिमी. आता बोटांनी हळूच आणखी उघडा. 45पर्यंत गेलं तर संशय स्नायूवर. 40च्या आतच अडलं, आणि पूर्वी जबडा अडकून जेवण कठीण झालं असेल, तर सांध्यातली सरकलेली चकती जागेवर येत नसावी. अर्थात गुटखा खाणाऱ्याच्या गालाच्या आतला ताठ पांढरा पट्टा आधी चाचपा. तिथे दोष सांध्याचा नसतोच. अर्धवट उगवलेली, सुजलेली अक्कलदाढही तोंड असंच बंद करते.

नुसता ‘कट्’ आवाज, ना दुखणं ना अडकणं: समजावून घरी पाठवा. करकर ऐकू आली तर हाडाची झीज; खात्रीला सीटी. चकती ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, दिसत नाही, त्यासाठी एमआरआय.

पन्नाशीनंतर कानशील नव्यानेच दुखू लागलं, चावताना जबडा थकतो, नजर अंधुक होते? नाइट गार्डचं (रात्री दातांवर घालायच्या आवरणाचं) माप घेत बसू नका. त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवा.