सीपीयू सिम्युलेटरमध्ये प्रोसेसरच्या प्रकारांतील फरक कसे हाताळावेत

एका कुळातील प्रोसेसर बहुतेक बाबतींत सारखे वागतात आणि मोजक्याच ठिकाणी वेगळे वागतात. ही मोजकी ठिकाणे कोडमध्ये कशी मांडावीत, हे आधी ठरवले नाही तर ‘प्रोसेसर अमुक असेल तर’ अशा अटी प्रत्येक फंक्शनमध्ये शिरतात. उदाहरणादाखल १९७५ साली आलेला ६५०२, त्याची नंतरची सीमॉस (कमी वीज घेणारे चिप-तंत्र) आवृत्ती ६५सी०२ आणि निन्टेन्डोच्या एनईएस या गेम-यंत्रातील रिकोचा २ए०३ हे तीन प्रकार घेऊ.

कोडला हात लावण्यापूर्वी फरकांची यादी करावी आणि प्रत्येक फरक कोणत्या जातीचा आहे हे शेजारी लिहावे. काही सूचना एका प्रकारात असतात आणि दुसऱ्यात नसतात. बीआरए, एसटीझेड, पीएचएक्स या सूचना फक्त ६५सी०२ मध्ये आहेत. काही सूचना दोन्हीकडे असतात, पण त्यांचा परिणाम वेगळा होतो. जेएमपी या उडी मारण्याच्या सूचनेची अप्रत्यक्ष रीत, म्हणजे उडीचा पत्ता मेमरीतून वाचणे, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय: तो पत्ता ३०एफएफ (षोडशमान अंकांत) येथे ठेवलेला असेल, तर मूळ ६५०२ त्याचा वरचा बाइट ३१०० ऐवजी ३००० येथून वाचतो. ६५सी०२ मध्ये हा दोष दुरुस्त झाला, परंतु त्यासाठी घड्याळाची ५ ऐवजी ६ आवर्तने लागू लागली. म्हणजे वरवर एकच दिसणारा फरक यादीत दोन ठिकाणी येतो, एकदा परिणामात आणि एकदा वेळेत, म्हणजे तिसऱ्या जातीत.

चौथी जात सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे बसवरील, म्हणजे प्रोसेसरला मेमरी व उपकरणांशी जोडणाऱ्या तारांवरील, वर्तन. आयएनसीसारखी (मेमरीतील मूल्य एकने वाढवणारी) सूचना चालवताना मूळ ६५०२ आधी जुनेच मूल्य परत लिहितो आणि मग नवे लिहितो. ६५सी०२ त्या पहिल्या लेखनाऐवजी पुन्हा वाचन करतो. साध्या मेमरीत दोन्हींचा शेवट सारखाच असतो, पण त्या पत्त्यावर उपकरणाचे रजिस्टर असेल तर तसे राहत नाही. कमोडोर ६४ या संगणकातील ६५१० हाही मूळ एनमॉस (सीमॉसच्या आधीचे चिप-तंत्र) ६५०२ सारखाच दोनदा लिहितो, आणि तेथील काही प्रोग्राम व्हिडिओ चिपचा इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारा संकेत) मिटवण्यासाठी नेमक्या याच दुहेरी लेखनावर विसंबून असतात.

यादी तयार झाली की प्रत्येक प्रकारासाठी एक वर्णन-रचना करावी आणि तिच्यातील घटकांना चिपची नव्हे, तर वर्तनाची नावे द्यावीत: ‘दशमान गणित आहे’, ‘अप्रत्यक्ष जेएमपी पान (२५६ बाइटांचा मेमरीचा तुकडा) ओलांडत नाही’, ‘इंटरप्टच्या वेळी डी फ्लॅग (दशमान गणित चालू असल्याची खूण) पुसला जातो’. चिपचे नाव फक्त ही रचना भरताना यावे. या कामासाठी क्लासचा वारसा वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण हे प्रकार एका सरळ वंशवृक्षात बसत नाहीत. २ए०३ चे वर्तन मूळ ६५०२ चे आहे, पण त्यातून दशमान गणित वगळलेले आहे. ६५सी०२ मध्येही रॉकवेलच्या बिट-सूचना सर्व उत्पादकांच्या चिपमध्ये नाहीत.

यानंतर २५६ नोंदींचा ऑपकोड (सूचनेचा सांकेतिक क्रमांक) तक्ता सिम्युलेटर सुरू होतानाच बांधावा. आधी सर्वसामान्य नोंदी भराव्यात आणि मग वर्णनानुसार त्यांतील काही बदलाव्यात. रिकाम्या जागांचा निर्णयही येथेच घ्यावा: मूळ ६५०२ मध्ये त्या जागी अधिकृत नसलेल्या, तरीही काहीतरी करणाऱ्या सूचना आहेत, तर ६५सी०२ मध्ये नव्या सूचनांनंतर उरलेल्या जागा निष्क्रिय असून त्यांची लांबी आणि वेळ एकसारखी नाही. अशा रीतीने बहुतेक फरक तक्त्यातच मिटतात आणि चालत्या लूपमध्ये अट तपासावी लागत नाही.

जे उरतात त्यांच्यासाठी एक साधा निकष पुरेसा आहे. दोन वर्तनांत एखाद्या ओळीचाच फरक असेल तर फंक्शनमध्ये वर्णनाचा घटक तपासावा. त्याहून जास्त असेल तर दोन स्वतंत्र फंक्शने लिहून योग्य ते तक्त्यात ठेवावे. एडीसी (बेरीज) आणि एसबीसी (वजाबाकी) दुसऱ्या गटात मोडतात, कारण दशमान गणितात एन (ऋण), व्ही (ओव्हरफ्लो) आणि झेड (शून्य) हे फ्लॅग मूळ ६५०२ मध्ये भरवशाचे नसतात, तर ६५सी०२ एक आवर्तन जास्त घेऊन ते बरोबर लावतो. २ए०३ मध्ये डी फ्लॅग लावता, पुसता आणि स्टॅकवर ठेवता येतो, गणित मात्र त्याच्याकडे पाहत नाही. म्हणून येथे फ्लॅगच काढून टाकणे चुकीचे ठरेल.

चाचण्या वर्णनाच्या घटकानुसार लिहाव्यात. प्रत्येक घटकाची चाचणी तो असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही प्रकारांवर चालवावी, आणि अपेक्षित उत्तरात रजिस्टरांसोबत आवर्तनांची संख्या व बसवरील वाचन-लेखनाचा क्रमही नोंदवावा. जतन केलेल्या स्थितीच्या फाइलमध्ये प्रकाराची नोंद असावी आणि ती जुळत नसेल तर फाइल उघडण्यास नकार द्यावा.