रानातल्या सात्या (खायच्या अळंब्या) कशा ओळखायच्या, काढायच्या अन् रांधायच्या

हिमालयाकडं पाईनच्या झाडाखाली एक केशरी अळंबी येते, कापली की नारिंगी चीक निघतो, तिकडं लोक आवडीनं खातात. व्हिडिओ पाहून इकडंही पोरं विचारतात, आपल्या जंगलात भेटते का? नाही भेटत, कारण ती पाईनच्या मुळांशी जोडलेली असते अन् आपल्याकडं साग, मोह, ऐन. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडं सात्या आहेत ना, कुठं टेकोडे म्हणतात, अन् त्या उधईच्या (वाळवीच्या) भरवशावर येतात. उधई वारुळात पाला-लाकूड चावून त्याचं पोळं बनवते, त्यावर ही बुरशी पोसते अन् पाऊस मुरला की तिथूनच छत्री वर निघते. म्हणूनच बटन किंवा धिंगरीसारखी हिची शेडमधे शेती होत नाही.

कधी जायचं? चांगला पाऊस पडून मधे उघाड अन् उकाडा झाला की वारुळाच्या आजूबाजूला, बांधावर, जुन्या मोहाखाली पाहा. अंधारात जाऊ नका अन् एकटं तर अजिबात नाही. वाघाचा भाग आहे, खाली वाकून सात्या काढणारा माणूस झुडपाआड दिसत नाही, तीन-चार जण आवाज करत जा. नॅशनल पार्कच्या हद्दीत तर काढायच्याच नाहीत.

आता मेन गोष्ट, अन् हीच लोक करत नाहीत. नवीन जागेवरचा पहिला नग उपटायचा नाही, खणायचा. खुरपीनं बाजूची माती हळूहळू मोकळी करत देठाच्या खाली जा. मोठ्या सात्याचा देठ जमिनीत मुळासारखा निमुळता होत खोल जाते, वीतभर गेलं तरी संपत नाही. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा पायजे, खालचे पापुद्रे पांढरे किंवा फिकट गुलाबी. याच्याऐवजी देठाखाली अंड्याच्या फुटक्या टरफलावानी वाटी निघाली तर तिथंच सोडा, ती जीव घेणाऱ्या जातीची खूण आहे. काहून खणायचं ते समजलं ना? उपटलं की वाटी मातीतच राहते अन् हातात येते नुसती पांढरी, चांगली दिसणारी छत्री. मूळ दिसलं की तिथंच थांबा, पोळ्यापर्यंत खणू नका, बाकीच्या जमिनीलगत कापून घ्या म्हणजे पुढच्या वर्षी जागा टिकून राहील. बारीक सात्यांना असं लांब मूळ नसते, त्या ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाईशिवाय नवीन माणसानं घेऊच नये.

डाऊट असला तर एक टोपी कापून पापुद्रे खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा, वरून गिलास पालथा घाला, सकाळी पाहा. फिकट गुलाबी भुकटी पडली तर सात्याशी जुळते, पण तेवढ्यावर खायचं नाही, बाकीच्या खुणाही पटल्या पायजे. हिरवट पडली तर फेकून द्या. अशी हिरवट भुकटीवाली छत्री गवतात, ढोरं चरतात तिथं येते, कोवळी असताना पापुद्रे पांढरेच असतात अन् खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब. लसूण काळा पडते, चांदीचं नाणं काळं होते, किड्यानं खाल्लं म्हणजे चांगलं, हे सगळं खोटं आहे, यावर भरवसा ठेवून घरच्या लेकरांना खाऊ घालू नका. शिजवल्यानंही त्या वाटीवालीचं विष जात नाही.

आणताना टोपलीत आणा, पन्नीत घाम सुटून सडतात. घरी आल्यावर बुडखा कापा, टोपीवरची माती बोटानं घासून पाणी बदलून-बदलून धुवा पण भिजत ठेवू नका, अन् त्याच दिवशी रांधा. हातानं उभ्या फाडा, कोंबडीच्या मांसासारखे धागे निघतात. तेलात कांदा, लसूण, मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, हळद, तिखट, तेल सुटलं की सात्या टाकायच्या. स्वतःचं पाणी सुटते म्हणून वरचं पाणी बेतानं. चांगल्या शिजू द्या, कच्च्या नको. भातासंगं मस्त लागतात, पण पहिल्यांदा खाणाऱ्यानं थोडंच खा.

रांधायच्या आधी एक आख्खा नग, देठासकट, कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. कोणाला त्रास झालाच तर १०८ ला फोन करा अन् तो नग डॉक्टरला दाखवा. खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या तर जास्त घाई करा, त्या मधे थांबल्या तरी आतमधे लिव्हर खराब होत राहते, बरं वाटून राहिलं म्हणून दवाखाना टाळू नका.