कोरोनाचे निर्बंध वाढणार की सुटणार, आधीच कसं ओळखायचं
साथ परत आली तर रोजच्या केसेस बघून घाबरू नका, आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट (टेस्टपैकी किती टक्के पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजन बेड किती टक्के भरलेत ते बघा. जून 2021 मध्ये महाराष्ट्राने निर्बंधांच्या पाच लेव्हल ह्याच्यावरच ठरवल्या, रेट 5 टक्क्यांच्या आत नि बेड 25 टक्क्यांहून कमी भरलेले तर पहिली, जवळपास सगळं सुरू. ठाणे, नवी मुंबई दुसरीत होते, तरी लोकल सामान्यांना बंदच (गर्दीची धास्ती, दुसरं काय). मग जूनअखेर डेल्टा प्लस ह्या नव्या व्हेरियंटची भीती आणि आकडे बरे असूनही सगळे किमान तिसऱ्यात, दुकानांचं शटर चारला खाली! म्हणून नव्या व्हेरियंटची बातमी आली की किराणा आधीच भरा. व्यापाऱ्यांचा दबाव, लसीकरण हेही धरा, 15 ऑगस्टला लोकल उघडली ती दोन डोसवाल्यांनाच.