अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक आणि वाचक कसे व्हावे

फेब्रुवारी उजाडला की दहावी-बारावीच्या अंध विद्यार्थ्यांच्या घरी अभ्यासाइतकीच आणखी एक काळजी असते : "रायटर मिळाला का?" उत्तरे तयार असतात, पण ती ऐकून कागदावर उतरवणारा लेखनिक मिळाला नाही तर वर्षभराची मेहनत अडून राहते. या कामाला पैसे लागत नाहीत आणि घरातल्या जवळजवळ प्रत्येकाला त्यात जागा आहे.

लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा किमान एक पायरी खाली असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे दहावीच्या पेपरला पदवीधर मावशी चालत नाहीत, तिथे नववीतला मुलगा किंवा मुलगीच लागते. बारावीसाठी अकरावीचा आणि पदवी परीक्षेसाठी सहसा त्याहून खालच्या वर्गातला विद्यार्थी. जवळची अंधशाळा, महाविद्यालय किंवा 1952पासून काम करणारी 'नॅब' (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) यासारखी संस्था गाठून आपले नाव, इयत्ता, भाषा आणि मोकळे दिवस कळवावेत. शाळेचे ओळखपत्र, छायाचित्रे आणि मुख्याध्यापकांचे पत्र बहुधा मागितले जाते. नेमकी कागदपत्रे परीक्षेनुसार बदलतात, म्हणून ती परीक्षार्थीच्या शाळेलाच विचारावीत. लेखनिकाची मंजुरी आधी घ्यावी लागते. एकदा होकार दिला की ऐन वेळी माघार घेऊ नये, कारण आदल्या रात्री दुसरा लेखनिक मिळणे फार कठीण असते.

पेपरच्या एक-दोन दिवस आधी विद्यार्थ्याला भेटून एखादी जुनी प्रश्नपत्रिका सोबत सोडवावी. प्रश्न गुणांसह वाचावा, पर्याय सावकाश वाचावेत आणि सांगितलेले वाक्य जसेच्या तसे लिहावे. आपल्याला उत्तर चुकीचे वाटले तरी चेहरा, आवाज किंवा थांबणे यातून ते कळू देऊ नये. माझ्या पहिल्याच पेपरला मी न राहवून "नक्की ना?" असे विचारले आणि त्या मुलीने बरोबर असलेले उत्तर बदलले, ते मी आजही विसरलेलो नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थींना तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लहान लेखनिकाचा हात तोपर्यंत भरून येतो, त्यामुळे त्याला पोटभर खाऊन पाठवावे आणि घरी सलग तासभर लिहिण्याचा सराव करून घ्यावा.

ज्यांना इयत्तेच्या अटीमुळे लेखनिक होता येत नाही, त्या नोकरदारांनी आणि निवृत्तांनी वाचक व्हावे, म्हणजे पुस्तके मोठ्याने वाचून त्यांचे ध्वनिमुद्रण करावे. माझ्या मते वर्षभर खरी गरज याचीच असते, कारण परीक्षा काही दिवसांत संपते, संदर्भपुस्तके मात्र रोज लागतात. अंध व्यक्तींसाठी ना-नफा तत्त्वावर पुस्तके सुलभ स्वरूपात आणण्याची मुभा प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीने दिली आहे. तरीही संस्थेमार्फतच ध्वनिमुद्रण करावे, म्हणजे एकच पुस्तक दोघांनी वाचले असे होत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी पहाटेची वेळ बरी. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करून तिला प्रकरणाचा क्रमांक द्यावा. सुरुवातीला पुस्तक, लेखक आणि पृष्ठ सांगावे. तक्ता आडव्या ओळींनी वाचावा, प्रत्येक आकड्याआधी स्तंभाचे नाव घ्यावे. नकाशा आला तर "आकृती पाहा" म्हणून पुढे न जाता नदी कुठून निघते, कोणत्या दिशेने वळते, काठावर कोणती गावे आहेत हे शब्दांत सांगावे. अनोळखी विशेषनाम एकदा अक्षरे सुटी करून उच्चारावे. आवाजात नाट्य नको. बरेच विद्यार्थी फाइल दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकतात, म्हणून मुद्दाम संथ वाचण्यापेक्षा शब्दांची शेवटची अक्षरे न गिळणे महत्त्वाचे. पहिले प्रकरण झाले की पुढचे वाचण्याआधी ते विद्यार्थ्याला ऐकवावे आणि त्याने सुचवलेले बदल करूनच दुसऱ्याला हात घालावा.